डाव्या बाजूचे बूट

आमच्या शिकार मंडळाच्या लाकडी घराला एक पडवी आहे, आणि तिथे माणसांपेक्षा बूट जास्त बोलतात. घरात बूट घालून जायचं नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, पण पडवीत ते कुठे काढायचे यालासुद्धा एक रीत आहे. त्या दिवशी जो रान तुडवत हाका घालणार, त्यानं बूट दाराच्या डाव्या बाजूला काढायचे. जो ठाण्यावर बंदूक घेऊन उभा राहणार, त्यानं उजव्या बाजूला. मग मोज्यांनी आत यायचं, कॉफी प्यायची आणि हवेबद्दल बोलायचं. कोण काय करणार हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. प्रमुखानं पडवीत एकदा डोकवायचं आणि त्याप्रमाणे नकाशावर माणसं मांडायची.

ही रीत माझ्या सासऱ्यांनी, एमेलींनी, घालून दिली. त्यांचं म्हणणं असं की चारचौघांत माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण पायात काय घालायचं ते तो घरी एकटा असताना ठरवतो, म्हणून ते खरं धरावं. आम्ही उत्तर फिनलंडकडच्या काइनूची माणसं तशीही बोलण्यात कंजूष. कुणाला 'तुला आज चालवेल का' असं विचारणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारल्यासारखंच. बुटांनी ते काम आमच्यासाठी केलं आणि आम्ही सुटलो.

दोन्ही कामांचे बूट वेगळे असतात, म्हणूनच हे जमतं. हाकाऱ्याला पातळ तळव्याचे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. दलदलीत पाय टाकला की खाली मूळ आहे की नुसतं शेवाळ, हे तळव्याला कळलं पाहिजे. तो चालत असतो, म्हणून त्याचे पाय गरम राहतात. ठाण्यावरच्याला तासन्‌तास हलायचं नसतं. त्याला आतून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड बूट लागतात, तेही एक माप मोठे, म्हणजे आत बोटं हलवता येतात. गमबूट घालून ठाण्यावर उभे राहिलात तर थोड्या वेळानं बोटं आपली राहत नाहीत, आणि नमद्याचे घालून दलदलीत शिरलात तर प्रत्येक पाय उपसून काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. चामड्याचे बूट टेकडाच्या कोरड्या वाळूत, सप्टेंबरात शोभतात. राहता राहिला ऑक्टोबरचा शेवट. सकाळी पाऊस, दुपारी गोठण. अशा दिवशी काय घालावं यावर आमच्यात अजून मारामाऱ्या झालेल्या नाहीत, एवढंच.

सासरे गेल्यावर प्रमुखपद माझ्याकडे आलं. खरं तर ते नवऱ्याकडे जायला हवं होतं, पण पेन्तीला रक्त बघितलं की चक्कर येते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासऱ्यांनी मुलाचा नाद सोडला आणि सुनेच्या हातात बंदूक दिली. मी आता बासष्टची आहे. प्रमुखपद सोडायचं असं मी दर वर्षी म्हणते, आणि दर वर्षी सभेत सगळे छताकडे बघत बसतात. कंटाळा आलाय, हे मी घरी पेन्तीला सांगते. तो म्हणतो, मग सोड ना. मी म्हणते, कुणावर सोडू? मग आम्ही टीव्ही बघतो.

त्या शनिवारी परवान्यातलं शेवटचं एल्क, म्हणजे ते घोड्याएवढं हरण, मारायचं बाकी होतं. सकाळपासून पावसात मिसळून ओलं बर्फ पडत होतं आणि दुपारनंतर कडक गोठण येणार, असं हवामानाच्या बातम्यांत सांगितलं होतं. मी सगळ्यांच्या आधी जाऊन चूल पेटवली, कॉफी टाकली आणि मोरीपाशी कप विसळत उभी राहिले. मोरीवरची छोटी खिडकी पडवीत उघडते. ती सासऱ्यांनीच मुद्दाम ठेवलेली आहे.

आमचे हाकारे दोघेच. एक काउनो, ज्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जो कायानीच्या इस्पितळात पडून नर्सांना शिव्या देत होता. दुसरा ओइवा. पूर्वी कुत्रा होता, म्हणजे ओइवाचाच, पण तो गेल्यावर कुणी नवीन पाळला नाही. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, आणि आमच्यातल्या बहुतेकांना वाटतं की तो आपल्या मागे उरेल.

पहिला तोइमी आला. हा आमच्यातला बोलका, म्हणजे दिवसाला दोन विनोद करणारा. त्यानं नमद्याचे बूट उजवीकडे काढले. त्याच्या मागून हेइक्किनेन बंधू आले. दोघं सत्तरी ओलांडलेले, एकाच घरात राहतात आणि एकमेकांशीही फारसं बोलत नाहीत. त्यांचेही बूट उजवीकडे गेले. मी माझे आधीच उजवीकडे ठेवले होते, कारण प्रमुख रस्त्यावरच्या ठाण्यावर, वॉकीटॉकीवरून सगळ्यांना सूचना देत उभा राहतो अशी पद्धत आहे. काउनोची जागा कोण घेणार, हा प्रश्न प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडला होता.

मग यार्को आला. यार्को अठ्ठेचाळीसचा, म्हणून आमच्यात पोरगा. नगरपालिकेत बांधकाम परवाने देतो. त्यानं नवे कोरे बूट आणले होते, तपकिरी, बाजूला कसल्या तरी पट्ट्या, वर चकचकीत बकलं. ते त्यानं पडवीत नेमके दाराच्या मधोमध काढले.

"हे काय?" मी खिडकीतूनच विचारलं.

"सगळ्या हवेत चालतात," यार्को म्हणाला. "सगळ्या जमिनीवर चालतात. दुकानदारानं सांगितलं, दलदल असो, खडक असो, उणे वीस असो, हेच घालायचे."

"मग ते ठेवायचे कुठे?"

"म्हणून तर मध्ये ठेवले."

"दुकानात दलदल असते का रे?" तोइमीनं आतून विचारलं. हा त्याचा दिवसाचा पहिला विनोद.

डावी बाजू मोकळीच होती. मला त्याची फारशी काळजी वाटली नाही, कारण ओइवा यायचा होता. ओइवाचे बूट माझ्या लग्नाच्या आधीपासून डावीकडे असतात. ओइवा म्हणजे कोर्पीसुओची दलदल आणि कोर्पीसुओची दलदल म्हणजे ओइवा, हे आम्ही धरूनच चालतो. तो चौऱ्याहत्तरचा आहे. गेली दोन-तीन वर्षं तो हाका संपवून रस्त्यावर येतो तेव्हा गाडीच्या टपाला धरून जरा वेळ उभा राहतो. आम्ही तेव्हा बंदुका पुसतो किंवा आभाळाकडे बघतो. एवढा मान आम्ही त्याला देतो.

तो त्या दिवशी सगळ्यांत शेवटी आला. असं आधी कधी झालं नव्हतं. मी खिडकीतून बघितलं. त्याच्या पायात नवे बूट होते. नमद्याचे, जाड, अजून तळव्याला माती न लागलेले. पडवीत येऊन तो खाली बसला, एकेक बूट हळूहळू काढला आणि दोन्ही जवळ धरून उजव्या बाजूला ठेवले, टाचा भिंतीकडे, अगदी सरळ. नंतर ते नीट आहेत का म्हणून परत एकदा बघितलं. पहिल्या दिवशी शाळेत दप्तर ठेवतात तसं वाटलं मला. त्याला हा निर्णय घ्यायला किती दिवस लागले असतील कोण जाणे. बूट बघून कळत होतं की ते आजचे विकत घेतलेले नाहीत. चामड्यावर घडी घातलेल्या कागदाचा वळ उमटलेला होता, म्हणजे ते बराच काळ खोक्यात पडून होते.

मग त्यानं डावीकडे बघितलं.

तिथे एकही बूट नव्हता. त्यानं मधले यार्कोचे बघितले. उजवीकडचे सगळे एकदा नजरेखालून घातले. थोडा वेळ तो मोज्यांनीच तिथे उभा राहिला. मग त्यानं नवे बूट परत पायात चढवले आणि पावसात आपल्या गाडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या पायात ते जुने हिरवे गमबूट होते. ते त्यानं डावीकडे काढले आणि तो आत आला.

"हुओमेन्ता," तो म्हणाला, म्हणजे नमस्कार-चमत्कार झाला, आणि बाकावर आपल्या नेहमीच्या जागी बसला.

आतल्या कुणालाच यातलं काही दिसलं नव्हतं. फक्त मला दिसलं होतं. मी त्याला कॉफी दिली. वेलदोड्याचा पाव पुढे केला. त्यानं पाव कॉफीत बुडवला आणि बुडवलेलाच धरून ठेवला, तो मऊ होऊन कपात पडेपर्यंत.

खरं सांगायचं तर मला संताप आला होता. यार्कोचा आला, तोइमीचा आला, त्या दोन मुक्या भावांचा आला, आणि माझा स्वतःचाही आला. एका माणसानं हिंमत करून सांगितलं होतं, आपल्या रीतीनं, बुटांनी, की बाबांनो, मला आता झेपत नाही. आणि आम्ही सगळे उजवीकडे गर्दी करून बसलो होतो. आता पद्धतीप्रमाणे मी उठायचं, पडवीत डोकवायचं आणि म्हणायचं, ओइवा कोर्पीसुओतून. तो मान हलवेल. सगळे मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतील. तेवढ्यानं सगळं सुरळीत झालं असतं.

मी आडून आडून प्रयत्न केला. "आज दलदल फार वाईट असेल," मी म्हणाले.

"असेल," थोरला हेइक्किनेन म्हणाला.

"दुपारी गोठणार आहे. वर पापुद्रा धरेल आणि खाली पाणी."

"धरेल," धाकटा म्हणाला.

"काउनो नाही," मी म्हणाले.

तोइमीनं साखरेचा खडा दातांत धरला. यार्को आपला फोन बघायला लागला आणि मग म्हणाला, "माझ्या पाठीत जरा उसण भरलीय, पण मी काय, सांगाल तिथे उभा राहीन."

"उभा राहशील," मी म्हणाले.

"काउनो नाही म्हणजे काय झालं," ओइवा कपाकडे बघत म्हणाला. "मी आहे ना. माझे बूट आहेत बाहेर."

हे ऐकून मी उठले आणि पडवीत गेले. नकाशा घ्यायला नाही, हवा घ्यायला. दार ओढून घेतलं आणि त्या हिरव्या बुटांकडे बघत उभी राहिले. उजवा साधा होता, टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं. डाव्याला नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मला वाटलं फाटला असेल. मी तो उचलला आणि पट्टीचं टोक सोडवून बघितलं.

तो फाटलेला नव्हता. चिरलेला होता. चाकूनं, सरळ, वरच्या काठापासून घोट्याच्या वीतभर वर येईपर्यंत. पाय आत जात नाही म्हणून चिरलेला. पोटरी सुजली की गमबुटाची नळी वर चढत नाही, हे माझ्या आईच्या पायांमुळे मला माहीत होतं. तिचं हृदय थकलं होतं. चीर जुनी होती, कडा गुळगुळीत झालेल्या, पट्टीवर पट्टी चढवलेली. चिकटपट्टी दलदलीत किती वेळ टिकते? हा माणूस दोन वर्षं तरी एक पाय बर्फाच्या पाण्यात घेऊन आमच्यासाठी हाका घालत होता, आणि आम्ही आभाळाकडे बघत होतो.

माझे पाय मोठे आहेत, त्यावरून आयुष्यभर चेष्टा सहन केलीय. मी दुसरे लोकरी मोजे चढवले, मग ओइवाचे गमबूट घातले, पट्टी परत गच्च गुंडाळली आणि दार उघडून तशीच आत गेले.

आमच्या त्या घरात चिंध्यांच्या सतरंज्या अंथरलेल्या आहेत. माझ्या सासूनं विणल्यात. त्यांवर आजवर कुणी बूट ठेवला नव्हता. अंग कसायासारखं रक्तानं माखलेलं असलं तरी बूट दाराबाहेर. सगळ्यांनी आधी सतरंजीकडे बघितलं, मग बुटांकडे आणि मग माझ्या तोंडाकडे. धाकट्या हेइक्किनेननं कप खाली ठेवला.

"मी चालतेय," मी म्हणाले. "दलदलीतून मी. यार्को टेकडाच्या कडेनं, माझ्या बरोबरीनं. तिथे वाळू आहे, तुझे ते सगळ्या जमिनीवरचे बूट तिथे चालतील. तुझी पाठ चालताना आपोआप सुटेल. बाकीचे ठाण्यावर. ओइवा, रस्त्यावरचं ठाणं आणि वॉकीटॉकी तुझ्याकडे. उपप्रमुख म्हणून कागदावर तुझंच नाव आहे."

ओइवानं कप बाजूला सरकवला.

"ते माझे बूट आहेत," ओइवा म्हणाला.

"हो."

"तू ते घरात घालून आलीस."

"आले."

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा उठेल, टोपी घालेल आणि घरी जाईल, आणि पुन्हा कधी येणार नाही. तसं झालं असतं तर माझ्याकडे काही इलाज नव्हता.

"डावा गळतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग ठीक," तो म्हणाला आणि नव्या बुटांची जोडी आणायला गाडीकडे निघाला. पडवीत माझेच बूट पायात सरकवून जाताना तो डावीकडच्या मोकळ्या जागेजवळ जरासा थांबला.

दलदलीत मी पंधरा-वीस वर्षांत शिरले नव्हते. ठाण्यावर उभं राहून वॉकीटॉकीवर हुकूम सोडणं वेगळं आणि स्वतः त्या शेवाळात पाय टाकणं वेगळं. सुरुवातीला ठिकठाक होतं. मी हाका देत होते, हो-हो-हो करत, काठीनं वाळक्या झाडांवर ठोकत. टेकडावरून यार्को ओरडत होता, जरा लाजत, नगरपालिकेत असल्यासारखा. मग चिकटपट्टी सुटली. डाव्या बुटात पाणी घुसलं आणि माझी दातखीळच बसायची बाकी राहिली. त्या पाण्याला थंड हा शब्द पुरत नाही. थोड्या वेळानं पाय दुखायचा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

"कुठे आहेस?" वॉकीटॉकीतून ओइवाचा आवाज आला.

"दलदलीत. आणखी कुठे असणार?"

"डावीकडे दोन वाळकी पाइनची झाडं दिसतात का? एकाचा शेंडा मोडलेला."

"दिसतात."

"त्यांच्या अलीकडून जायचं नाही. पलीकडून जा. अलीकडे डोळा आहे."

दलदलीचा डोळा म्हणजे वरून गवत दिसतं आणि खाली तळ नसतो. मी जागीच उभी राहिले. "नकाशावर तर डोळा पुढे दाखवलाय."

"नकाशा काढणारा त्यात पडला नव्हता," ओइवा म्हणाला. "मी पडलोय. गेल्या वर्षी. काखेपर्यंत गेलो होतो. एका मुळाला धरून बाहेर आलो."

वॉकीटॉकी सगळ्यांच्या कानाशी होता. टेकडावरून यार्कोची हाक थांबली. पलीकडच्या ठाण्यांवर तोइमी होता, हेइक्किनेन बंधू होते. सगळ्यांनी ऐकलं. गेल्या वर्षी ओइवा त्या दिवशी उशिरा रस्त्यावर आला होता, काखेपर्यंत ओला, आणि आम्ही म्हणालो होतो, पाऊस फार होता ना.

"आता उजवीकडे," ओइवाचा आवाज म्हणाला. "खुजी बर्च दिसतील. त्यांच्या बुडाशी पाय टाक. मूळ लागेल तळव्याला. लागलं?"

"पायाला काही लागतच नाही. पायच लागत नाही."

"उजवा लागेल. उजवा आधी टाक. डावा नुसता मागून ओढ. मी तसंच करतो."

त्या तासाभरात ओइवा जेवढा बोलला तेवढा मी त्याला तीस वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे धरायचं, कुठे दम खायचा. "इथे मी नेहमी बसतो. बुंधा आहे, त्यावर बस. हाक द्यायची तर बसूनही देता येते, कुणाला कळत नाही." सगळं सांगितलं त्यानं. कुठे पाय सुन्न होतो तेही, आणि सुन्न झाल्यावर तो काय करतो तेही. मी त्या बुंध्यावर बसले. त्यावर शेवाळ नव्हतं, बसून बसून तो गुळगुळीत झाला होता. तिथे बसून मी थोडी रडले, थंडीनं म्हणा.

बाहेर पडता पडता पाऊस थांबला आणि गोठण सुरू झाली. पायाखालचं गवत कुरकुरायला लागलं. शेवटच्या पट्ट्यात मला पुढच्या झुडपांत काहीतरी मोठं हललेलं दिसलं, करड्या रंगाचं, रस्त्याच्या दिशेनं जाणारं. एल्क सरळ ओइवाच्या ठाण्याकडे निघालं होतं. मी बंदुकीच्या आवाजाची वाट बघितली. आवाज झाला नाही.

मी रस्त्यावर आले तेव्हा ओइवा आपल्या जागी उभा होता, नव्या बुटांत, ताठ. बंदूक खांद्याला आणि वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरलेला.

"आलं नाही?" मी विचारलं.

"आलं," तो म्हणाला. "दहा पावलांवरून गेलं. माझ्याकडे बघून गेलं."

"मग मारलं का नाहीस?"

"हात रिकामा नव्हता," तो म्हणाला. "शेवटचा ओढा कसा ओलांडायचा ते तुला सांगत होतो."

मी गाडीच्या टपाला धरून उभी राहिले. त्यानं आभाळाकडे बघितलं नाही. माझा दंड धरला.

परत घरात आल्यावर त्यांनी मला चुलीजवळ बसवलं. तोइमीनं माझा डावा मोजा कापून काढला आणि पाय लोकरीत गुंडाळला, एकही विनोद न करता. थोरल्या हेइक्किनेननं वाटाण्याचं सूप तापवलं. यार्कोचे सगळ्या हवेतले बूट चुलीसमोर वाफाळत होते, त्यांच्यातून पावशेर तरी पाणी निघालं होतं. बोटांत जीव परत यायला लागला तशी मी ओठ चावत बसले. ओइवा समोर बाकावर होता.

"नवे बूट कधी घेतलेस?" मी विचारलं. असं विचारायचं नसतं, पण मी सतरंजीवर बूट घालून आलेली बाई होते, आता कसली लाज.

"दोन वर्षं झाली."

"मग?"

त्यानं खांदे उडवले. "वाटलं, कुणीतरी म्हणेल. ओइवा, आता बस कर. तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून मी समजलो, माणूस कमी पडतोय."

तोइमीनं चमचा खाली ठेवला. "आम्ही समजलो, तुला म्हटलेलं आवडणार नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुला चालायलाच हवंय."

"कुणाला हवं असतं त्या दलदलीत?" ओइवा म्हणाला.

मला एकदम फार दमल्यासारखं वाटलं. दलदलीनं दमवलं त्यापेक्षा जास्त. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना जपत होतो आणि त्या जपण्यात हा माणूस बुडता बुडता राहिला होता.

ओइवा उठला. पडवीतून आपले जुने हिरवे गमबूट घेऊन आला. दारातल्या पायरीवर बसला, कमरेचा चाकू काढला आणि डाव्या बुटाची चीर तिथून पुढे न्यायला लागला, गोल, घोट्याच्या सरळ रेषेत. नळी सुटून खाली पडली. मग उजवा घेतला. गमबुटांचा जीव संपला की आमच्याकडे असंच करतात. नळ्या कापल्या की खालचा भाग अंगणातल्या चपलांसारखा होतो, पाय सरकवायचा आणि लाकडं आणायला किंवा संडासाला जायचं. त्यानं कापलेल्या कडा अंगठ्यानं चाचपून बघितल्या आणि जोडी पडवीत दाराच्या मधोमध ठेवली, सकाळी यार्कोची होती तिथे.

तोइमी त्यात पाय घालून बाहेर जाऊन आला. "बरे झालेत," तो म्हणाला आणि सवयीनं ते डाव्या बाजूला काढून ठेवले.

"तिथे नको," ओइवा म्हणाला. त्यानं वाकून ते उचलले आणि परत मध्ये ठेवले. "तिथे ठेवले की वाटतं, कुणीतरी आहे."

दार उघडंच होतं. आम्ही सगळ्यांनी पडवीच्या डाव्या बाजूकडे बघितलं. तिथे फळीवर वर्षानुवर्षांच्या पाण्याचा, बुटांच्या जोडीएवढा काळा डाग होता. बाकी काही नव्हतं. चुलीतलं लाकूड जळून बसायला आलं होतं.

यार्को उठला. चुलीपुढचे आपले ओले बूट त्यानं उचलले, उलटे करून उरलेलं पाणी पायरीवर झटकलं आणि ते नेऊन त्या डागावर ठेवले. "रविवारी पण निघायचंय ना," तो कुणालाच न उद्देशून म्हणाला. "घरी बाबांचे गमबूट असतील कुठेतरी. सकाळी ते आणतो."

"आधी दुकानदाराला विचारून घे," तोइमी म्हणाला.

ओइवानं आपले नवे बूट घातले, माझ्याकडे बघून टोपीला हात लावला आणि घरी बायको, लेम्पी, जेवायची थांबली असेल म्हणाला. मी काही बोलले नाही. या वेळी न बोलण्यासारखंच होतं.